बसलेला अकिलीज चपळ कसा?

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'इलियड'मध्ये, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाच्या महाकाव्यात, वीर अकिलीज फारसा धावत नाही. पहिल्याच सर्गात सरसेनापती अगामेम्नॉनशी त्याचं वाजतं. तो रुसून आपल्या छावणीत जाऊन बसतो आणि चोवीस सर्गांच्या महाकाव्यातले जवळजवळ अठरा सर्ग लढाईपासून लांब राहतो. तरी कवी त्याला सारखं म्हणत असतो, 'चपळ पायांचा अकिलीज'. बसलाय तरी चपळ. आईपाशी मन मोकळं करत उसासे टाकतोय तरी चपळ. जहाजांचीही तीच तऱ्हा. कित्येक वर्षं वाळूवर ओढून ठेवलेली असतात, पण त्यांचं विशेषण 'वेगवान'. होमरच्याच 'ओडिसी' या दुसऱ्या महाकाव्यात एकाक्ष राक्षस दिवसाढवळ्या 'ताऱ्यांनी भरलेल्या' आकाशाकडे हात उचलून प्रार्थना करतो. राजकन्या नॉसिका मळकट कपड्यांचं गाठोडं नदीवर धुवायला नेते, आणि ते कपडे पाण्याला लागायच्या आधीच 'लखलखीत' असतात.

हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडेल. पडलाही होता. अलेक्झांड्रियाच्या ग्रीक पंडितांनी दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं उत्तर देऊन टाकलं: 'त्या क्षणी नव्हे, स्वभावतः'. म्हणजे कपडे आत्ता मळलेले असतील, पण मुळात लखलखीत जातीचे. उत्तर वाईट नाही, पण विचारणाऱ्याचं तोंड बंद करण्यापुरतंच. मग पुढच्या पिढ्यांनी ठरवलं की हा जुन्या कवितेचा भाबडेपणा आहे, गोड मानून पुढे जावं.

१९२३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या जेमतेम एकवीस वर्षांच्या मुलाला पुढे जाता आलं नाही. त्याचं नाव मिल्मन पॅरी. जन्म १९०२चा, ओकलंडचा. त्याचा एम.ए.चा प्रबंध होता होमरच्या शब्दकळेवर आणि त्यातल्या ठरावीक विशेषणांवर. पुढची बारा वर्षं तो या एकाच गोष्टीच्या मागे लागला होता, आणि या बारा वर्षांनी होमर वाचण्याची रीत उलटीपालटी करून टाकली. ऑक्सफर्डचे एक अभ्यासक पुढे त्याला होमर-अभ्यासातला डार्विन म्हणाले. ही उपमा मला पूर्वी जरा जास्तच वाटायची.

पॅरीने काय केलं ते कळायला आधी भांडण काय होतं ते बघावं लागेल. १७९५ साली फ्रिड्रिख ऑगस्ट वोल्फ या जर्मन पंडिताने मांडलं की होमरच्या काळात लिहिण्याचा प्रघात नव्हता, एवढं मोठं काव्य एका माणसाने रचून टिकवणं अशक्य; ही तुटक गाणी पुढे कुणीतरी शिवली असणार. तिथून शंभर-सव्वाशे वर्षं दोन तट पडले. एक तट शिवण उसवत बसला. कार्ल लाखमानने तर 'इलियड'चे अठरा वेगळे तुकडे पाडून दाखवले. दुसरा तट म्हणे, एवढी भव्य रचना एका प्रतिभेशिवाय होणे नाही. दोघांचा प्रश्न एकच होता: कोणी लिहिलं, एकाने की अनेकांनी? आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे एक माणूस होता. टेबलाशी बसलेला, खोडणारा, विचार करणारा, त्यांच्यासारखाच.

पॅरीने 'कोणी' हा प्रश्नच बाजूला ठेवला. त्याचा प्रश्न होता 'कसं'. ओळ तयार कशी होते?

इथे थोडं छंदशास्त्र लागेल. मराठी वाचकाला ते जड जाऊ नये, 'यमाताराजभानसलगं' आपण शाळेत घोकलेलं असतं. होमरची ओळ सहा पावलांची. प्रत्येक पाऊल म्हणजे एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगण. ग्रीक लोक याला 'दाक्तिलोस' म्हणजे बोट म्हणत, कारण बोटालाही एक लांब पेर आणि दोन आखूड. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, म्हणून हे भुजंगप्रयातासारखं अक्षराअक्षराला बांधलेलं वृत्त नाही. मात्रावृत्ताच्या जास्त जवळचं आहे. दर पावलाला चार मात्रा, आणि शेवटच्या पावलात दोनच अक्षरं. ओळीत ठरावीक ठिकाणी श्वासाला जागा, म्हणजे यती.

आता गाणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. समोर लोक बसलेत, हातात वाद्य आहे, गोष्ट पुढे चाललीय. ओळीचा पहिला भाग तोंडातून गेला: 'त्याला उत्तर देत बोलला...'. ग्रीकमध्ये हा भाग 'प्रोसेफे' या क्रियापदाशी संपतो. आता कर्ता हवा, आणि ओळीत जागा उरली आहे नेमकी दहा मात्रांची: लघू लघू, गुरू लघू लघू, गुरू गुरू. 'ओडिसी'चा नायक ओडिसियस, पण त्याचं नुसतं नाव इथे पुरत नाही. मग येतो 'पोलुमेतिस ओदुस्सेउस', बहुयुक्तिवान ओडिसियस. जागा काठोकाठ भरली. बोलणारा अकिलीज असेल तर? 'पोदास ओकुस अखिल्लेउस', चपळ पायांचा अकिलीज. तेच माप, तीच लघु-गुरूंची चाल. देवाधिदेव झ्यूस असेल तर 'नेफेलेगेरेता झेउस', मेघ गोळा करणारा झ्यूस. पुन्हा तेच माप. (देवनागरीत ए आणि ओ नेहमीच दीर्घ होतात, ग्रीकमध्ये ते ऱ्हस्वही असतात. त्यामुळे ही नावं कागदावर मोजायला बसू नका, फसगत होईल.)

म्हणजे अकिलीज त्या क्षणी काय करतोय याचा आणि त्याच्या पायांचा काही संबंध नाही. ओळीत दहा मात्रा उरल्या आहेत, आणि तेवढ्या मापाचा अकिलीज एकच आहे.

पुरावा म्हणून एवढं पुरेसं नव्हतं. वृत्तासाठी विशेषण घातलं, हे तर कुठलाही यमक जुळवणारा करतो, आणि हाइन्रिख ड्युन्त्सर नावाच्या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातच ते दाखवलं होतं. पॅरीची करामत मोजणीत आहे. त्याने सगळी नावं, सगळी विशेषणं, प्रत्येक विभक्तीत, ओळीतल्या प्रत्येक जागी शोधली आणि तक्ते मांडले. तेही संगणक नसताना, डोळ्यांनी. 'इलियड'च्या पंधरा हजारांहून अधिक आणि 'ओडिसी'च्या बारा हजारांहून अधिक ओळींतून.

तक्त्यातून एक चौकट उभी राहिली. ओळीची शेवटची दोनच पावलं मोकळी असतील तर 'दीओस ओदुस्सेउस', दिव्य ओडिसियस. त्याआधी दोन लघूंची जागा जास्त असेल तर वर सांगितलेला 'पोलुमेतिस'. आणि ओळीच्या मधल्या यतीपासून पुढचं सगळं भरायचं असेल तर 'पोलुत्लास दीओस ओदुस्सेउस', फार सोसलेला दिव्य ओडिसियस. आता याच तीन जागा अकिलीजला द्या: 'दीओस अखिल्लेउस', 'पोदास ओकुस अखिल्लेउस', 'पोदार्केस दीओस अखिल्लेउस'. तीन जागा, तीन मापं, दोघांनाही. नाव स्वतःही ताणलं-आवळलं जातं. 'अखिल्लेउस'मधला एक ल काढला की 'अखिलेउस' उरतो आणि जोडाक्षराआधीचं अक्षर गुरूचं लघू होतं. आपल्याकडे होतं तसंच. ओडिसियसचाही एक स असाच गरजेप्रमाणे गळतो.

या चौकटीत पॅरीला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, ती लांबवर पसरलेली आहे: मुख्य देव, मुख्य वीर, जहाज, समुद्र, घोडे, सगळ्यांसाठी वेगवेगळ्या मापांचे शब्दबंध तयार आहेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती कंजूष आहे. एका मापाला साधारणपणे एकच शब्दबंध. तेच माप, तोच वीर, तीच विभक्ती, आणि तरी दोन पर्याय, असं क्वचित सापडतं.

कंजुषीने एवढं काय सिद्ध होतं? लेखणी हातात असलेला कवी कंजुषी करत नाही. त्याला उलट तोचतोचपणाची लाज वाटते. मागच्या पानावर 'चपळ' लिहिलं म्हणून या पानावर तो 'सिंहासारखा' लिहील. एका मापाला एकच शब्दबंध ठेवणारा माणूस वाचकाला खूश करायला बसलेला नाही, त्याला पुढची ओळ वेळेत तोंडात हवी आहे. त्याच मापाचा दुसरा पर्याय त्याच्या उपयोगाचा नाही, तो फक्त गोंधळ वाढवतो. सुताराच्या पेटीत एकाच मापाचे चार पटाशे नसतात. शिवाय इतकी पसरलेली आणि तरी इतकी घट्ट चौकट कुणा एकाला आयुष्यभरात बसवता यायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाणारे येतात, चांगलं बसणारं उचलतात, न बसणारं गळून पडतं. होमरची भाषाही तेच सांगते. तिच्यात दोन-तीन बोलींची आणि वेगवेगळ्या काळांची रूपं शेजारी शेजारी नांदतात. अशी ग्रीक कुठल्याही गावात कुणी बोलत नव्हतं. बोलण्यातून केव्हाच गेलेले 'मज' आणि 'तुज' आपल्या गाण्यांतून कसे टिकले ते आठवा, चमचाभर जागेत बसतात म्हणून.

मग ताळा करायचा म्हणून पॅरीने लिहिणारे कवी तपासले: अपोलोनियस हा अलेक्झांड्रियाचा ग्रीक कवी आणि रोमचा व्हर्जिल. दोघांनीही होमरसारखंच महाकाव्य लिहायचं मनाशी धरलेलं, त्याच वृत्तात, त्याची विशेषणं उचलून. व्हर्जिलचा नायक ईनियस सतत 'पायस', म्हणजे कर्तव्यनिष्ठ, असतो. पण तक्ता मांडला तर होमरसारखी चौकट उभी राहत नाही. पसारा नाही आणि कंजुषीही नाही. दुसरी एक मोजणी त्याने १९२९ साली छापली. होमरच्या जवळजवळ निम्म्या ओळींत अर्थ ओळीच्या टोकाशी पुरा होतो, पुढच्या ओळीत लोंबकळत राहत नाही. व्हर्जिलमध्ये हे प्रमाण बरंच कमी.

व्हर्जिलचं मला इथे एक वेगळंच आठवतं. तो इ.स.पू. १९मध्ये वारला तेव्हा त्याचं महाकाव्य 'ईनिड' पुरं झालेलं नव्हतं, आणि त्यात आजही पन्नासहून अधिक ओळी अर्ध्यावरच सुटलेल्या आहेत. त्या जागा पुढे कधीतरी भरू म्हणून त्याने तशाच ठेवल्या, असं मानतात. गाणाऱ्याला ही चैन नाही. अर्धी ओळ त्याच्या जगात असूच शकत नाही, कारण समोर माणसं बसलेली असतात आणि वाद्य थांबलेलं नसतं.

१९२९ची मोजणी सोडली तर हे सगळं पॅरीने पॅरिसला जाऊन, फ्रेंचमध्ये, १९२८च्या दोन प्रबंधांत मांडलं. यातली एक बारकाई सुटू नये. तोवर तो म्हणत होता की होमरची शैली 'पारंपरिक' आहे. 'मौखिक' हा शब्द त्याने ठामपणे वापरला नव्हता. परंपरा लिहिणाऱ्यांचीही असू शकते की! हा धागा पुढे ओढला त्याचे गुरू आंत्वान मेये यांनी. त्यांनी त्याचं लक्ष वेधलं मातिया मुर्को या स्लाव्ह भाषांच्या प्राध्यापकाकडे. मुर्को बाल्कन भागात हिंडून तिथल्या वीरगीतांच्या गायकांवर लिहीत होते. म्हणजे ग्रंथालयात बसून तुम्ही ज्या माणसाची कल्पना करताय, तसे लोक अजून हयात आहेत आणि आगगाडीने त्यांच्यापर्यंत जाता येतं.

पॅरी १९३३च्या उन्हाळ्यात युगोस्लाव्हियात गेला. मग हार्वर्डमधल्या नोकरीतून वेळ काढून १९३४-३५मध्ये वर्षभराहून जास्त राहिला. बरोबर आल्बर्ट लॉर्ड नावाचा नुकताच पदवी घेतलेला विद्यार्थी मदतनीस होता, आणि निकोला वुइनोविच नावाचा स्थानिक, स्वतः गाणारा सहकारी. ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्याने मुद्दाम बनवून घेतलं होतं. त्या काळी अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीची एक बाजू काही मिनिटांत संपायची, आणि गाणं तर तासन्‌तास चालायचं. म्हणून दोन फिरत्या चकत्या बसवल्या. एक संपली की कळ दाबून दुसरी सुरू, मधे खंड नाही. अशा साडेतीन हजारांहून जास्त तबकड्या घेऊन तो परतला. आज त्या हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत. त्यात बायकांची गाणीही पुष्कळ होती, आणि त्यातल्या काहींची स्वरलिपी पुढे हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक याने केली. पॅरीच्या डोक्यात मात्र होमरच होता.

तिथे काय दिसलं? 'गुसले' नावाचं एकतारी वाद्य, मांडीत धरून गजाने वाजवायचं. दहा अक्षरांची ओळ, चौथ्या अक्षरानंतर यती. रमजानच्या रात्री कॉफीखान्यात मुसलमान गायक महिनाभर गात, रोज रात्री नवी कथा. मिनिटाला दहा ते वीस ओळी, आधी न लिहिलेल्या, आधी न रचलेल्या. आपल्याला वाटतं की हे लोक पाठ करून म्हणतात. पाठ करत नाहीत, हाच तर पॅरीचा मुख्य शोध. गाणारा लहानपणापासून ऐकून ओळ बांधायचे साचे शिकतो, प्रसंग बांधायचे साचे शिकतो (सभा, मेजवानी, लग्नाची वरात, घोडा सजवणं), आणि गाताना या साच्यांतून गोष्ट त्याच वेळी उभी करतो. 'इलियड'मध्ये शस्त्रं चढवण्याचा मोठा प्रसंग चार वेळा येतो, आणि चारही वेळा क्रम तोच: पोटऱ्यांची कवचं, छातीचं चिलखत, तलवार, ढाल, शिरस्त्राण, भाला. चार वीर, एकच साचा. पण अकिलीजची पाळी येते तेव्हा तो साचा फुगून आभाळाएवढा होतो, आणि ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की आता वेगळा माणूस उतरतोय.

पॅरीने एक प्रयोग केला तो मला सगळ्यात आवडतो. बिएलो पोल्ये या गावाच्या बाजूचा एक गायक होता, अव्दो मेजेदोविच. साठीच्या आसपासचा, धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. पॅरीने मुमिन व्लाहोव्ल्याक नावाच्या दुसऱ्या गायकाला अव्दोसमोर एक गाणं गायला लावलं, जे अव्दोने पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. गाणं २,२९४ ओळींचं झालं. अव्दो बसून ऐकत होता. मग पॅरीने त्याला विचारलं, तुला गाता येईल का हे? अव्दोने तेच गाणं गायलं, ६,३१३ ओळींचं. एकदाच ऐकून. घटना त्याच, पण माणसांच्या मनात काय चाललंय ते आलं, पोशाख आले, निरोप-निरोप्ये आले. जुलै १९३५मध्ये याच अव्दोने दुसरं एक गीत सांगून लिहवलं, बारा हजारांहून अधिक ओळींचं. लांबीने 'ओडिसी'च्या बरोबरीचं. लिहिता न येणाऱ्या माणसाला एवढी लांब रचना झेपणार नाही, हा वोल्फपासून चालत आलेला आक्षेप त्या आठवड्यात निकालात निघाला.

दुसरी एक गंमत नोवी पाझार या गावची. देमाइल झोगिच नावाचा गायक म्हणे, मी गाणं ऐकतो आणि शब्दाला शब्द, ओळीला ओळ तसंच गातो. ज्याच्याकडून त्याने ते गाणं ऐकलं तो गायकही जवळच होता. दोन्ही मुद्रणं शेजारी ठेवली. गोष्ट एक, ओळी वेगळ्या. सतरा वर्षांनी लॉर्डने झोगिचला पुन्हा गायला लावलं. त्याच्या स्वतःच्याच दोन गाण्यांत फरक निघाला. झोगिच खोटं बोलत नव्हता. ज्याने शब्द कधी कागदावर सुटा सुटा पाहिलेला नाही, त्याच्या लेखी 'शब्द' म्हणजे आपण म्हणतो तो शब्द नाहीच. गोष्टीचा एक पुरा घास म्हणजे त्याचा शब्द.

इथे मला पुण्याकडे वळल्याशिवाय राहवत नाही. पॅरी पहिल्यांदा बाल्कनमध्ये गेला त्याच १९३३ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं आदिपर्व पुरं झालं. संपादक विष्णु सीताराम सुकथनकर. देशभरातल्या हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहताना त्यांनाही तीच पंचाईत होती: प्रती इतक्या वेगळ्या की 'मूळ' प्रत म्हणायची कशाला? हस्तलिखितांच्या आधारे जितकं मागे जाता येईल तितकं जुनं रूप द्यायचं, व्यासांची स्वहस्ताक्षरातली प्रत शोधल्याचा आव आणायचा नाही, असा त्यांनी पवित्रा घेतला. दोघांनी एकमेकांचं काम पाहिलं असं मी म्हणत नाही. पण गीता वाचताना अर्जुन कधी पार्थ, कधी कौंतेय, कधी धनंजय, कधी गुडाकेश का होतो, हे ज्याने कीर्तनकाराच्या तोंडून 'प्रत्येक नावात अर्थ आहे' अशा निरूपणासकट ऐकलंय, त्याला अलेक्झांड्रियाच्या पंडितांचं 'स्वभावतः' ओळखीचं वाटेल. अनुष्टुभातल्या रिकाम्या जागेचाही त्यात हात असावा, असं मला वाटतं. जात्यावरच्या ओव्यांत 'सांगते बाई तुला' किती ओव्यांत येतं ते मोजलं तरी पॅरीची अर्धी गोष्ट कळते. दळणाचा फेरा पुरा होतो आणि पुढचा चरण सुचायला तेवढी उसंत मिळते.

३ डिसेंबर १९३५ला, परतल्यावर तीन महिन्यांच्या आत, लॉस अँजेलिसच्या एका हॉटेलात बंदुकीची गोळी लागून पॅरी वारला. वय ३३. अपघात अशी नोंद झाली. त्या मृत्यूबद्दल पुढे पुष्कळ तर्क झाले, मी त्यात शिरत नाही. ज्या पुस्तकात तो हे सगळं मांडणार होता त्याची सुरुवातीची मोजकी पानं लिहून झाली होती. ते काम विद्यार्थ्यावर पडलं. लॉर्ड १९५०च्या सुमारास पुन्हा तिकडे गेला, जुने गायक शोधून काढले, अव्दोलाही भेटला, आणि १९६०मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' हे पुस्तक काढलं. नाव पॅरीने आपल्या पुस्तकासाठी ठरवलेलंच.

विरोध झालाच, आणि सगळा काही अडाणीपणाचा नव्हता. लोकांना वाटलं, हा पोरगा होमरला शिंपी करून टाकतोय. तयार कापडाचे तुकडे, तयार मापं, मग कवी उरला कुठे? 'गुलाबी बोटांची उषा' ओडिसीत वीसेक वेळा तशीच उगवते, 'पंख असलेले शब्द' दोन्ही काव्यांत मिळून शंभरहून जास्त वेळा उच्चारले जातात; हे जर मात्रांचं गणित असेल तर आपण इतकी वर्षं कशावर भुललो? आणखी एक अडचण तर आजही सुटलेली नाही. गाणं दर वेळी बदलतं, तर आपल्या हातातला मजकूर कुणी, केव्हा, कसा गोठवला? लॉर्डचं म्हणणं, अव्दोसारखं कुणीतरी सांगितलं आणि कुणीतरी उतरवून घेतलं. ग्रीकांकडे वर्णमाला आलेलीच होती. इतरांचं म्हणणं, गाताना गातानाच मजकूर हळूहळू घट्ट होत गेला. मला लॉर्डचं म्हणणं जास्त पटतं, कारण त्याने तसं होताना पाहिलं होतं.

'कवी कुठे' या प्रश्नाला सर्वांत चांगला हात घातला तो १९५६ साली, अठ्ठावीस वर्षांच्या अ‍ॅडम पॅरीने. मिल्मनचाच मुलगा, तोही ग्रीकचा अभ्यासक. बाप गेला तेव्हा हा सात वर्षांचा होता. बापाने दाखवलेली भाषा त्याने मान्य केली: ठेवणीतले शब्दबंध, सगळ्यांचं मिळून एकच बोलणं, त्यात प्रत्येक वीराला मरण म्हणजे काय आणि मान म्हणजे काय ते आधीच ठरलेलं. आणि मग विचारलं, या भाषेवरचा विश्वासच उडालेला माणूस त्याच भाषेत काय बोलेल? त्याचं उत्तर होतं की अकिलीजची पंचाईत हीच आहे. त्याला वेगळे शब्द मिळत नाहीत, म्हणून तो आहेत ते शब्द वाकडे वापरतो, उत्तर नसलेले प्रश्न विचारतो, कुणालाच पुरी करता येणार नाही अशी भरपाई मागतो. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. पण ते वाचून झाल्यावर 'इलियड'चा नववा सर्ग पूर्वीसारखा वाचता येत नाही.

ग्रीकांची पीछेहाट चाललेली, म्हणून ओडिसियस आणि मंडळी अकिलीजची मनधरणी करायला त्याच्या छावणीत येतात. तो तंतुवाद्य वाजवत बसलेला असतो, आणि गात असतो पूर्वीच्या वीरांचे पराक्रम. सगळ्या 'इलियड'मध्ये असं गाणारा वीर हा एकच. समोर त्याचा जिवलग मित्र पेट्रोक्लस गप्प बसलाय, याचं गाणं कधी संपतंय याची वाट बघत. पाहुणे दिसताच अकिलीज वाद्य हातात घेऊनच उठतो, त्यांना बसवतो, मांस भाजतो, आणि स्वतः ओडिसियससमोर बसतो. ओडिसियस अगामेम्नॉनने देऊ केलेल्या नजराण्यांची लांबलचक यादी ऐकवतो. मग अकिलीज बोलणार असतो की मनात एक आणि ओठांवर दुसरं ठेवणारा माणूस मला नरकाच्या दारासारखा वाटतो, की ग्रीकांनी ट्रोजनांशी लढायचंच कशाला. अशी भाषा त्या जगात तोवर कुणी बोललेलं नाही. आणि त्या भाषणाच्या दारातली ओळ मात्र ठेवणीतली, वीस वेळा वापरलेल्या मापाची. प्रोसेफे, आणि उरलेल्या दहा मात्रा: पोदास ओकुस अखिल्लेउस.